निरंक

दरवर्षी जून उजाडला की आमच्या महाविद्यालयात दोन गोष्टी हमखास गळू लागतात. स्टाफरूमचं छत आणि प्राचार्यांच्या केबिनमधून परिपत्रकं. छताखाली बादली ठेवता येते. परिपत्रकाखाली सही करावी लागते.

यंदाचं परिपत्रक असं होतं : "सर्व प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी गत शैक्षणिक वर्षातील आपल्या व्यावसायिक कामगिरीची माहिती सोबतच्या विहित नमुन्यात, पुराव्यांसह, दोन प्रतींत, सात दिवसांच्या आत सादर करावी. माहिती नसल्यास 'निरंक' असे नमूद करावे." खाली पेनाने आणखी तीन शब्द होते : "संकलन – मराठी विभाग."

मराठी विभाग म्हणजे मी. आमच्याकडे ज्या कामाला चार ओळी लिहाव्या लागतात ते काम मराठी विभागाकडे येतं. फळ्यावरचा सुविचार, पाहुण्यांचा परिचय, संस्थाचालकांच्या वाढदिवसाची जाहिरात, आणि कुणी गेलंच तर श्रद्धांजली. परिचय आणि श्रद्धांजली यांचा मजकूर मी एकच ठेवला आहे. क्रियापदांचा काळ तेवढा बदलावा लागतो.

गोळा केलेली माहिती दोन ठिकाणी जाणार होती. एक, वार्षिकांकातलं 'हार्दिक अभिनंदन!' हे सदर. दोन, नॅकला पाठवायचा वार्षिक अहवाल. नॅक ही 1994 साली स्थापन झालेली, बेंगळुरूला मुख्यालय असलेली परिषद. ती देशभरातल्या महाविद्यालयांना चारपैकी गुण देत आली. 3.51 गाठलं की ए प्लस प्लस. लग्नाला छत्तीस गुण बघतात, महाविद्यालयाला चार पुरतात. पण त्या चारांसाठी जेवढे कागद रंगतात तेवढ्यात अख्ख्या तालुक्याच्या लग्नपत्रिका छापून होतील.

परिपत्रकातला 'निरंक' हा सरकारी मराठीचा खास दागिना आहे. 'काही नाही' म्हटलं की माणूस रिकामटेकडा वाटतो. 'निरंक' म्हटलं की एखाद्या ऋषीचं नाव घेतल्यासारखं वाटतं. इतका देखणा शब्द फुकट दिला होता, तरी आमच्या सत्तेचाळीस जणांपैकी शेहेचाळीस जणांनी तो वापरला नाही. उरलेल्या एकाकडे मी येतोच.

सर्वांत आधी फाइल आली भूगोलाच्या सरांची. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर. रसायनच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर ती मावेना, म्हणून वजन कळलं नाही. सरांना हा नाद 2020च्या टाळेबंदीत लागला. त्या काळात लोक पोळ्या लाटायला शिकले, सर प्रमाणपत्रं मिळवायला. सकाळी मोबाइलवर एक वेबिनार, त्याच वेळी लॅपटॉपवर दुसरा, दोन्हीकडे कॅमेरा बंद आणि सर अंघोळीला. शेवटी प्रश्नमंजुषा असायची. तिची उत्तरं ग्रुपवर प्रश्नांच्या आधी यायची. 'कुक्कुटपालनातील संधी', 'बौद्धिक संपदा हक्क', 'ग्रंथालयांचे भवितव्य' अशा सगळ्या क्षेत्रांत सर प्रमाणित झाले. त्यांतलं 'ताणतणाव व्यवस्थापन' त्यांनी रात्री अकरा एकोणसाठला, मुदत संपायला एक मिनिट असताना, बायकोवर ओरडत पूर्ण केलं होतं.

इंग्रजीच्या मॅडमनी आंतरराष्ट्रीय चर्चासत्र घेतलं होतं. आंतरराष्ट्रीय अशासाठी, की नेपाळचे एक प्राध्यापक ऑनलाइन जोडले जाणार होते. ते जोडले गेले नाहीत. पण तोवर बॅनर छापून झाला होता, आणि छापलेला बॅनर मागे घेण्याची प्रथा आपल्याकडे नाही. वाणिज्यच्या सरांनी 'बाह्य तज्ज्ञ म्हणून निवड' लिहिली होती. चौकशी केल्यावर कळलं, गल्लीतल्या गणेश मंडळाच्या रांगोळी स्पर्धेला ते परीक्षक होते. "बाह्य कसे, सर? तुमचीच गल्ली," मी म्हटलं. ते म्हणाले, "रांगोळी घराबाहेर काढतात."

पुराव्याचं तर एक शास्त्रच झालं आहे. नुसता फोटो आता चालत नाही. फोटोवर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि कोपऱ्यात छोटा नकाशा उमटलेला लागतो. आम्ही 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिन घेतला. दीडशे मुलं, ग्रंथदिंडी, लेझीम. संध्याकाळी फोटो उघडून पाहिले, तर मोबाइलच्या म्हणण्याप्रमाणे हा सगळा कार्यक्रम पलीकडच्या वीटभट्टीवर झाला होता. शास्त्रीय दृष्ट्या मराठीचा गौरव वीटभट्टीवाल्याच्या नावावर लागला. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना आधी सायकल स्टँडजवळ उभं करतात. रेंज तिथंच नीट मिळते. कार्यक्रम नंतर सभागृहात होतो. झाला नाही तरी चालतं.

कामगिरीचे गुण कसे मोजतात हे वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. गणिताशी माझं कधी जमलं नाही, पण हे गणित मला फार आवडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018च्या विनियमांप्रमाणे भाषा, वाणिज्य, सामाजिक शास्त्रं अशा विषयांत एका शोधनिबंधाला 10 गुण. विज्ञानवाल्यांना 8. एकट्याने लिहिला तर सगळे तुमचे. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के, म्हणजे 7 आणि 7, एकूण 14. तेच काम, तीच पानं, आणि गुण चाराने जास्त. दोनाहून अधिक लेखक असतील तर मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30. पाच जणांनी एक निबंध लिहिला तर 7 अधिक चार त्रिक बारा, म्हणजे 19. 'एकमेकां साहाय्य करू' हे आपण शाळेपासून ऐकत आलो, पण त्याचा दर नेमका किती ते 2018 साली कळलं. आमच्याकडे तर असा निबंध आहे की त्यात लेखक सहा आणि वाचक चार. वाचक सगळे लेखकांपैकीच. उरलेल्या दोघांना अजून वेळ झालेला नाही.

सहलेखकांच्या बाबतीत अमेरिका मात्र आपल्या पुढे गेली. 1975 साली मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी एकट्याने एक शोधनिबंध लिहिला आणि सवयीने सगळीकडे 'आम्ही' असं लिहून ठेवलं. सहकाऱ्याने सांगितलं, लेखक एक आणि मजकुरात 'आम्ही', हे 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'वाले चालवून घेणार नाहीत. जमाना टाइपरायटरचा. सगळं पुन्हा टाइप करण्यापेक्षा हेदरिंग्टननी सहलेखक म्हणून आपल्या घरच्या मांजराचं नाव घातलं. मांजराचं नाव चेस्टर. पण कागदोपत्री 'एफ. डी. सी. विलर्ड'. निबंध छापून आला. पुढे काही प्रतींवर दोन्ही लेखकांनी सह्या केल्या, त्यांत एक सही पंजाची होती. आपल्या आजच्या हिशोबाने विज्ञानाच्या 8 गुणांचे 70 टक्के, म्हणजे चेस्टरला 5.6 गुण मिळाले असते. हे मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. सगळे खूप हसले. भूगोलाचे सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पीएच.डी. नसतानाच ना?"

निबंध लिहिला की तो कुठं छापायचा हा पुढचा प्रश्न. त्यासाठी यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. यादी निघताच बाजारपेठ फुलली. "आजच पाठवा, परवा छापू" असे निरोप यायला लागले. पैसे भरले की तज्ज्ञांची समीक्षा चोवीस तासांत. एवढ्या वेळात आमच्या गावात पासपोर्ट फोटो मिळत नाही. मग मे 2018मध्ये यूजीसीने त्या यादीतली 4,305 नियतकालिकं एका दमात काढून टाकली. त्या रात्री अनेक घरांत चूल पेटली नसेल. पुढच्या वर्षी 'यूजीसी-केअर' नावाची नवी यादी आली. पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ त्या कामात पुढे होतं. आम्ही सगळे 'केअर' घेऊ लागलो. "तुमचं केअरमध्ये आलं का?" असं एकमेकांना विचारताना पाहून भेटायला आलेल्या एका पालकांना वाटलं, स्टाफ दवाखान्यात आहे. फेब्रुवारी 2025मध्ये यूजीसीने तीही यादी बंद करायचं जाहीर केलं आणि नियतकालिकाचा दर्जा तुमचा तुम्हीच पारखा म्हणून सांगितलं. आमच्या उपप्राचार्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि हताशपणे म्हणाले, "म्हणजे आता वाचून ठरवायचं?"

फायली चाळता चाळता मला एक खेळ सुचला. जुन्या मोठ्या प्राध्यापकांचा विहित नमुना भरून पाहायचा. सुरुवात दामोदर धर्मानंद कोसंबींपासून केली. गोव्यात जन्मलेला हा माणूस 1933 ते 1945 पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचा. 'विषय' : गणित. 'प्रकाशने' : आनुवंशिकी, प्राचीन भारताचा इतिहास, भर्तृहरी, सूक्ष्म दगडी हत्यारं. हजारो आहत नाणी तराजूत तोलून त्यांनी त्या नाण्यांचा इतिहास मांडला. 1944 साली फर्ग्युसनमध्ये असताना जनुकांमधलं अंतर मोजायचं सूत्र दिलं, ते आजही जगभर त्यांच्याच नावाने वापरतात. आमच्या समितीचा शेरा मी डोळे मिटून सांगतो : "विषयाशी संबंधित नाही. गुण देता येत नाहीत."

पुढे तर आणखी पंचाईत. 1959 साली कोसंबींनी रीमान गृहीतकावर निबंध छापला. गणितातल्या सर्वांत अवघड कोड्यांपैकी हे एक. आणि छापला कुठं, तर भारतीय कृषी सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात! गणितज्ञांना तो पटला नाही तो नाहीच. आमच्या समितीने मात्र बरोबर की चूक या भानगडीत न पडता 'गणित की शेती, खुलासा करावा' एवढं विचारून फाइल परत पाठवली असती.

त्याआधी 1931 साली, अलीगढला असताना, याच कोसंबींनी एका निबंधात 'डी. बूरबाकी' नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला होता. असा गणितज्ञ जगात नव्हता. आंद्रे वेय या फ्रेंच मित्राच्या सांगण्यावरून, एका सहकाऱ्याची जिरवायला केलेली ती थट्टा होती. काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या मित्रांनी फ्रान्समध्ये निकोला बूरबाकी याच नावाने गणिताच्या ग्रंथांची लांबच लांब मालिका काढली. नसलेल्या माणसाच्या नावावर आमच्या अकरा विभागांच्या बेरजेपेक्षा जास्त प्रकाशनं आहेत. त्याला निवासी पत्ता आणि आधार क्रमांक नाही, एवढीच काय ती अडचण.

दुसरा नमुना कथाकार जी. ए. कुलकर्णींचा. धारवाडला इंग्रजी शिकवायचे. 'चर्चासत्रे' : निरंक. 'सत्काराची छायाचित्रे' : निरंक, आणि मिळालंच तर काळा चष्मा लावलेलं. 'पुरस्कार' या रकान्यात मात्र मी आशेने लिहिलं : 1973, साहित्य अकादमी, 'काजळमाया'. मग आठवलं, पुस्तक नेमकं कधी प्रकाशित झालं यावरून वाद उठला आणि जीएंनी पुरस्कार परत करून टाकला. म्हणजे तारखेच्या पुराव्यावर अडण्याची आपली परंपरा नॅकपेक्षा जुनी आहे. मी तो रकानाही खोडला. मराठी कथेला उंचीवर नेणारा माणूस माझ्या टेबलावर सपशेल निरंक निघाला.

आता शिक्षकेतर. त्यांच्यासाठी वेगळा नमुना छापायला वेळ नव्हता, म्हणून प्राध्यापकांचाच दिला होता. त्यात शोधनिबंधाचं शीर्षक, आयएसएसएन, सहलेखक, प्रभावांक. आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी तो गंभीरपणे भरला. झालं होतं असं, की निवृत्त झालेल्या एका प्रयोगशाळा परिचराचं पेन्शन दोन वर्षं अडलं होतं. सेवापुस्तकातलं एक पान गहाळ होतं. भाऊसाहेब एसटीने सहसंचालक कार्यालयात अकरा वेळा गेले आणि शेवटी कॉलेजच्याच डेडस्टॉक रजिस्टरमध्ये खूण म्हणून घातलेलं ते पान त्यांना मिळालं. नमुन्यातल्या 'संशोधन' या रकान्यात त्यांनी लिहिलं : "सेवापुस्तकाचे पान, सन 1998-99. शोधले. सापडले." इतका स्वच्छ निष्कर्ष मी कुठल्याच शोधनिबंधात वाचला नव्हता. आयक्यूएसीच्या, म्हणजे आमच्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांनी त्यावर लाल पेनाने लिहिलं : "पुरावा?" भाऊसाहेब म्हणाले, "त्याचं पेन्शन सुरू झालं की!" समन्वयक म्हणाले, "ते त्यांच्या खात्यात दिसतं. तुमच्या नाही."

आणि मग मामा. आमच्याकडे शिपायाला मामा म्हणतात, प्राचार्यही म्हणतात. सत्तेचाळीसांत 'निरंक' लिहिणारे ते एकटेच. प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. संकलक म्हणून मीही उभा होतो.

"मामा, निरंक कसं लिहिता? अहवालात वाईट दिसतं. वर्षभर काय केलंत?"

"घंटा वाजवली, सर."

"पुरावा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "पुरावा म्हंजे... घंटा झाली की पोरं वर्गाबाहेर येतात की."

"ती घंटेच्या आधीच बाहेर असतात," उपप्राचार्य म्हणाले.

हा मुद्दा बिनतोड होता. शेवटी मामांना काहीतरी कामगिरी मिळवून द्यायचं ठरलं. जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा होती. विषय : वेळेचे व्यवस्थापन. मामांना पाठवलं. घंटेचं काय, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. घंटा हा प्रकार आपोआप होतो अशी आमची सर्वांची पक्की समजूत होती.

त्या दिवशी पहिला तास सुरू झाला तो संपेचना. इतिहासाच्या सरांनी पंचेचाळीस मिनिटांत दुसरं महायुद्ध आटोपलं. घंटा होईना, म्हणून त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. अर्थशास्त्राच्या सरांचं मागणी-पुरवठा संपलं, मग महागाई संपली, मग ते स्वतःच्या लग्नातल्या देण्याघेण्यावर आले. पाऊण तासाच्या पुढं आपल्याकडे काय आहे हे अनेकांना नोकरीत प्रथमच कळलं. सीएचबीवरचे एक तरुण सर मात्र मन लावून शिकवत होते. त्यांना तासावर पैसे मिळतात आणि त्यांनी मनात सलग तीन धरले होते. शेवटी साडेबाराला ग्रंथपाल मॅडमनी बाहेर येऊन डब्याच्या झाकणावर चमचा आपटला, तेव्हा कॉलेज सुटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. याचा व्हिडिओ आहे, पण त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत, त्यामुळे धरता येत नाही.

मामा संध्याकाळी परतले. वेळेच्या व्यवस्थापनाचे तज्ज्ञ सव्वा तास उशिरा आले होते, असं त्यांनी सांगितलं. प्रमाणपत्रावर मामांच्या नावाआधी 'प्रा. डॉ.' छापलं होतं. छापखान्यात तो मजकूर कायमचाच जुळवून ठेवलेला असतो. प्राचार्यांनी प्रमाणपत्र बघितलं, समाधानाने मान हलवली आणि माझ्याकडे दिलं. अहवालात आता मामांची कामगिरी 1 आहे. घंटा न वाजवल्याच्या दिवसाची.

सगळ्यांचं झाल्यावर माझा नमुना उरला. निबंध नाही, चर्चासत्र नाही, परीक्षकगिरी नाही. म्हटलं, हा लेखच दाखवावा. समन्वयकांनी विचारलं, "समकक्ष तज्ज्ञांनी तपासलाय का?" मी म्हटलं, मामांनी वाचलाय. दोन ठिकाणी हसले आणि एका ठिकाणी म्हणाले, "हे असं नव्हतं." एवढी प्रामाणिक समीक्षा मी आजवर कुठल्या नियतकालिकाकडून आलेली पाहिली नाही. पण समन्वयकांचं समाधान झालं नाही. "वाचकांवर काही परिणाम झाल्याचा पुरावा आणा," ते म्हणाले.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. हा लेख वाचताना कुठं हसू आलंच असेल, तर हसता हसता स्वतःचा एक फोटो काढा. अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ स्पष्ट दिसली पाहिजे. मागे वीटभट्टी आली तरी हरकत नाही. दोन प्रतींत, सात दिवसांच्या आत, मराठी विभागाकडे पाठवा. हसू आलं नसेल, तर कृपया 'निरंक' असे नमूद करावे.